ट्रायल रूमबाहेरची दहा मिनिटं

भर बाजारात पोर आडवं पडलं की आईबाप काय करतात, हे लग्नाआधी मी फक्त लांबून पाहिलं होतं. सासरी येऊन महिना झाला नाही तोच नणंदबाईंनी त्यांचा चार वर्षांचा कबीर माझ्या हाती दिला. "दहा मिनिटं सांभाळ वं, रडू नको देऊ याले," म्हणाल्या आणि ट्रायल रूममध्ये शिरल्या.

कबीरला समोरच्या दुकानातली रिमोटची गाडी हवी होती. मी नाही म्हटलं. तो फरशीवर आडवा झाला. मारलं तर नणंदबाई दुखावणार, गाडी घेतली तर सासूबाई.

एक काकू थांबल्या. "दोन ठेवून दे वं बाई, चूप बसते."

त्यांचे यजमान म्हणाले, "काहून मारायले सांगतेस? लेकरू आहे, घेऊन द्या हो."

"तुमच्या अशाच लाडानं आपला मंगेश बिघडला!"

"बिघडला? बँकेत नोकरीले आहे तो!"

"तिशी आली, चहा अजून पलंगावर लागते त्याले!"

मागे पिशव्या धरून उभा असलेला मंगेश म्हणाला, "आई, हळू बोल ना."

"तू चूप!" दोघंही एकदम ओरडले.

कबीर रडायचा थांबून उठून बसला होता. त्यानं नाक पुसलं, माझा हात धरला. "मामी, चाल इथून. किती कल्ला करून राहिले हे लोक!"

नणंदबाई बाहेर आल्या तेव्हा तो माझ्या मांडीवर गुमान बसलेला.

"काय सांगितलं वं तू याले?"

"काहीच नाही," मी म्हटलं. त्यांना तो विनय वाटला.

आता नंदनवनपासून प्रताप नगरपर्यंत नात्यातलं कुठलंही पोर अडून बसलं की फोन मला येतो.