पर्याय क्रमांक एक

गुरुवार, दुपारचे तीन वाजून वीस मिनिटं. पवनी, बसस्टँडसमोरचं भैय्यालाल ऑनलाइन सेंटर. काउंटरच्या या बाजूला कोंढ्याच्या अंगणवाडी सेविका विमलाबाई, हातात मुलीच्या इंजिनिअरिंगच्या अलॉटमेंटचा कागद. त्या बाजूला भैय्यालाल. सीट स्वीकारायची मुदत पाचपर्यंत.

— नाही मावशी, कागद उलटा नाही, सरकारचा कागद असाच असते, सुलटा धरला तरी उलटाच वाटते. बसा ना. त्या स्टुलाचा एक पाय लंगडा आहे, भिंतीले टेकून बसा. काय विचारलं तुमी — हे काहून झालं? सांगतो ना. पण काहून झालं ते समजाले आधी काय झालं ते समजलं पायजे, अन् काय झालं ते सारं या अक्षरात आहे. पाहा इथं — एल, एस, सी, एच. एल म्हणजे लेडीज. एससी तुमाले मी काय सांगू. एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, म्हणजे आपलं नागपूर — भंडाऱ्यातून गोंदिया तोडला, पण होम कोणी तोडलं नाही, दोघाचंही नागपूरच. मंग हे सीव्हीसी, म्हणजे व्हॅलिडिटी — तुमच्या पोरीची जात खरी आहे, असं ज्यानं तुमचं गाव कधी पाहिलं नाही तो साहेब लिहून देते. एनसीएल म्हणजे ओबीसीवाले श्रीमंत नाहीत याचा दाखला — तो काढाले जे चारचाकीनं येते ते गाडी तहसीलीच्या मागं लावते. टीएफडब्ल्यूएस म्हणजे फी माफ. अन् कागद तपासाचं जे सेंटर, त्याले आधी एफसी म्हणत, मंग कोणाच्या तरी डोक्यात आलं अन् एससी केलं, स्क्रुटिनी सेंटर — तं एक बुढा इथं भांडाले आला, का आमचे कागद एससीत कायले पाठवले. त्याले पाणी पाजलं, बसवलं, याच स्टुलावर. हे सारं त्या फ्लेक्सवर लिहिलं आहे मी, अख्ख्या तालुक्यात असा फ्लेक्स नाही, लोक फोटो काढून नेतात. कोपऱ्यात? कोपऱ्यात सरांचा फोटो आहे. त्यांच्याच कॉलेजनं छापून दिला. होय, हायवेवरचंच. होय — तेच, तुमच्या कागदावर आहे ते.

थांबा, लिहून काय राहिल्या तुमी? पोरांच्या वजनाच्या रजिस्टरात माझं वजन काहून लिहिता? लिहा, लिहा, मले काय, मी लपवाची गोष्ट बोलतच नाही. मी तं म्हणतो पोरीनंच सांगितलं असन. रुचिता हुशार आहे, शहाण्णव पर्सेंटाइल म्हणजे गंमत नाही, पण पोरी घाबरतात ना — नागपूर दूर, होस्टेल, तिथं कोण आहे आपलं — तं म्हणाली असन, भैय्याभाऊ, जवळचं कॉलेज वर टाका. मले आता आठवत नाही. एवढे फॉर्म. जुलैचा महिना, तिकडं धानाचे रोवणे, इकडं फॉर्म, सकाळी शटर उघडलं का तिथून लाइन — मी जेवतो तरी इथंच, या माऊसपाशी. आता तो तारेतला कागद काहून काढता? मावशी, ती तार माझी आहे, बिलं आहेत त्याच्यात. दाखवा. हो, तिच्याच अक्षरात आहे. निळ्या पेनानं. एक नंबरवर — हो, नागपूर सरकारी, कॉम्प्युटर. दोन नंबरवरही नागपूर. हायवेवरचं — हायवेवरचं नाहीच यात. बरं. आता दिसलं मले. पण तुमी एक समजून घ्या, का पोरं लिहितात ते स्वप्न असते, अन् मी भरतो तो फॉर्म असते.

सांगतो, त्यात चूक काय झाली ते सांगतो, चूक म्हणजे चूकही नव्हे. आपल्याकडं काय रीत आहे — खात्रीचं आधी. मुलगी पाहाले गेला तरी आधी कोंढ्यात पाहाल, मंग लाखनीले जाल. तं मी म्हटलं एक नंबरवर खात्रीचं टाकू, भेटलंच पायजे असं, अन् खाली नागपूर, म्हणजे खालचं भेटलं तं भेटलं. सारे असंच समजतात, शाळेतले मास्तरही असंच समजतात. आता मुंबईच्या त्या प्रवेशाच्या सेलनं काय केलं आहे — पहिल्या फेरीत एक नंबरचं भेटलं, तं ते ऑटो फ्रीज. म्हणजे झालं. कॅप म्हणजे सरकारी प्रवेशाच्या फेऱ्या, त्यातली दोन नाही, तीन नाही, तुमचं नाव यादीतून उठलं. ते म्हणतात, तुमीच एक नंबर दिला ना, मंग आता तक्रार कायची? माहीत होतं का मले? आता — माहीत म्हणजे — फ्लेक्सवर आहे ते. सहाव्या ओळीत. मीच लिहिलं. पण लिहिणं वेगळं, अन् फॉर्म भराच्या वेळेस आठवणं वेगळं. सर आले होते त्या आठवड्यात, चहा झाला, म्हणाले, भैय्यालाल, पोरं उगाच नागपूरले धावतात अन् आपल्या जिल्ह्यातल्या सीटा रिकाम्या राहतात, तू समाजाचं काम करून राहिला, जरा जिल्ह्याचं पाहा. त्यात वाईट काय बोलले? अन् हा प्रिंटर — त्याच्यावर स्टिकर आहे म्हणून तुमी तसं नका पाहू. तो बंद पडला होता माझा. अन् कूलर बायकोच्या माहेरून आला आहे, त्याच्यावर स्टिकर नाही, पाहून घ्या.

पोरीले विचाराले पायजे होतं — होय, पायजे होतं. विचारलं नाही का मी? फोन केला असन. थांबा, मोबाइलात असन सारं, मी काही मिटवत नाही. हा पाहा, कन्फर्म केल्याचा मेसेज. ओटीपीही आहे. माझ्या फोनवर काहून म्हणजे — सगळ्यांचेच माझ्या फोनवर येतात. गावात रेंज नसते, पोरं नंबर बदलवतात, रिचार्ज संपते, मंग ओटीपी येत नाही, अन् माझ्या डोक्याले ताप. म्हणून मी रजिस्ट्रेशनलेच माझा नंबर टाकतो, पासवर्डही एकच ठेवतो, पवनी अन् वर एक-दोन-तीन, सोपं पडते. कोणाचं काही गेलं का आजपर्यंत? हा पाहा — सोमवार, अकरा बावन्न, रुचिता. तिच्या वर — नाही, ते दुसऱ्याचं आहे. अकरा त्रेपन्न. अकरा चोपन्न. ते त्रेपन्नवालं डोमाच्या पोराचं. ते लिहाची गरज नाही मावशी. शेवटचा बारा नऊले. अठरा आहेत. सतरा मिनिटात अठरा, हो, माझा हात चालते, दहा वर्षांची सवय आहे. दुकानात कोण होतं? दुकानात मी होतो. पोरं कायले पायजेत? सोमवारी सारे धानाच्या बांधीत होते, रुचिताही तुमच्यासंगं रोवण्यालेच असन. तेच तं म्हणतो — त्यांचे हात चिखलात, इथं मुदत संपून राहिली, मंग कोणी तरी कराले पायजे ना.

हे आता नका विचारू. गोलूचा विषय वेगळा आहे. गोलू माझ्या भावाचा पोरगा, घरचा माणूस. त्याचा कागद तिथं पडला आहे म्हणून वाचला तुमी, पण दुसऱ्याचा कागद वाचू नये. एक्याऐंशी पर्सेंटाइल आहे त्याले, एक्याऐंशीवाल्याचं काय घेऊन बसल्या. त्याले चौथ्या नंबरचं भेटलं, फ्रीज नाही झालं, दुसऱ्या फेरीत पाहू. एक नंबरवर? एक नंबरवर नागपूर होतं त्याच्या. सरकारी. आता घरचं पोरगं आहे, त्याची आई बाजूले उभी होती, मले म्हणे नागपूरच टाका — म्हणजे तिनं विचारलं, मी सांगितलं, तिनं पाहिलं, मंग मी टाकलं. तसं तुमी आल्या असत्या तं तुमचंही टाकलं असतं. तुमी आल्याच नाही.

असं नका पाहू माझ्याकडं. तुमच्या पोराले मी काय वाईट केलं — पोरीले, पोरीले. ती इंजिनिअर होणारच आहे. एका कॉलेजातून नाही तं दुसऱ्या. कॉम्प्युटरच आहे तिथंही, लॅब आहे, अर्ध्या कॉम्प्युटरले माऊस आहेत. आता ऐका, कामाचं बोलतो. पाच वाजेपर्यंत सीट स्वीकारावी लागते, हजार रुपये ऑनलाइन भरावे लागतात. नाही स्वीकारली तं हीही गेली अन् कॅपही गेला, मंग मॅनेजमेंट कोट्याच्या दारात उभं राहा. तिथं कोणी होम युनिव्हर्सिटी पाहत नाही, काही पाहत नाही. मी आताच्या आता करून देतो, पासवर्ड माझ्याजवळ आहेच, तुमी फक्त हो म्हणा. पोरीले विचारता? तिचा फोन लागन का बांधीत? बरं, विचारा. पण ते रजिस्टर बंद करा आधी. अन् पोरीचा तो निळ्या पेनाचा कागद इथं ठेवून जा, सेंटरचं रेकॉर्ड असते ते. मावशी — तो पदरात काहून घातला? भंडाऱ्याले कोणाकडं जाता, कलेक्टर काय मुंबईचा सेल चालवते? तहसीलदाराले एच म्हणजे काय ते माहीत नाही, आधी त्याले माझ्या फ्लेक्सपुढं आणून उभा करा.

जा. लाइन गेली आहे, पंखा बंद झाला, मले शटर ओढाचं आहे. तुमची साडेचारची गाडी लागली तिथं, पाहा. आता काही होणार नाही इथं.

साडेचारच्या एसटीनं विमलाबाई कोंढ्याला निघाल्या. निळ्या पेनाचा तो कागद पदराखाली होता, रुचिताचा फोन तोवर लागला नव्हता. चार वाजून एक्केचाळीस मिनिटांनी रुचिताच्या नावानं हायवेवरच्या कॉलेजची सीट स्वीकारल्याची नोंद झाली. रुचिता तेव्हा बांधीत होती, विमलाबाई गाडीत. हजार रुपये कोणी भरले, हे अजून कोणी सांगितलेलं नाही.