भरावातला वाघोबा

(बकुळाच्या घरापुढचं अंगण. बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत आहेत. पायरीवर दोघी म्हाताऱ्या, दारात बकुळाची सून नूतन.)

बकुळा : म्हणजे एकही नाही? दिवाळी तोंडावर आली, वलांडीवर बोंबील चढले, आणि तू हात हलवत आलीस? माझ्या जुन्या टोपल्यांची बुडं गेली गो रूपे. तुझ्या भरवशावर बसलेय मी.

रूपी : बांबू नाय.

बकुळा : तुमच्या डोंगरावर बांबू नाही? भलतंच.

रूपी : डोंगर नाय, बकुळाबाय. अर्धा नेला. बांबू त्या नेलेल्या अर्ध्यात होता.

बकुळा : आधी पाणी पी. तोंड बघ कसं सुकलंय. तळासरीहून जीप लगेच मिळाली?

रूपी : मिळाली. या वेळी आत बसवलं. म्हातारी झालीस म्हणाला.

बकुळा : झालीसच. दात तरी उरलेत का? बोंबील चावेल?

रूपी : तुझ्या बोंबलातली वाळू चावून चावून तर गेले.

बकुळा : मेली! माझ्या दारात बसून माझ्याच बोंबलाला नावं ठेवते. बस, बांधून देते. टोपल्यांचं पुढच्या वर्षी बघू. नूतन, अगं ती कापडी पिशवी आण.

नूतन : आई, जरा आत या.

बकुळा : इथंच बोल. रूपी काय परकी आहे?

नूतन : बरं, इथंच बोलते. ज्यांच्या घरचं माणूस बंदराच्या भरावाच्या डंपरवर आहे, त्यांना सुकी मासळी द्यायची नाही असं आपल्या बंदरविरोधी समितीत ठरलंय. तुम्ही होतात मीटिंगला. हात वर केला होतात.

बकुळा : हात वर केला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं रूपी नव्हती.

नूतन : यांचा मुलगा दिपक डंपर चालवतो.

रूपी : चालवायचा. आधी मला मावशी म्हणायचीस, नूतन.

नूतन : आधी सगळंच वेगळं होतं. बंदराचा भराव पडलाय ना, तिथं आमचं डोल जाळं लागायचं. सासऱ्यांच्या वडलांपासूनची जागा. आता बोट वाळूवर आडवी पडलीय आणि देवेश वेरावळला दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी आहे. रुचिकाला वाटतं, तिचा बाप फोनात राहतो. आणि आमच्या जाळ्याच्या जागेवर जे दगड पडलेत, ते तुमच्या डोंगराचे आहेत. मी कशी मावशी म्हणू?

बकुळा : नूतन, पुरे.

नूतन : पुरे कसं? मोर्च्याला तर सगळ्यांच्या पुढं उभे होते हे.

रूपी : तू टेम्पो पाठवलास, आम्ही आलो. तू म्हणालीस, तारपा आणा. माझ्या नवऱ्यानं, धाकल्यानं तारपा आणला. तू म्हणालीस, बाबा, सगळ्यात पुढं उभा राहा, फोटो चांगला येईल. तो राहिला उभा. दिवसभर वाजवला, ओठ सुजला त्याचा.

नूतन : मग नंतर काय झालं तुम्हाला?

रूपी : नंतर आमच्या पाड्याची ग्रामसभा लागली. डोंगर द्यायचा का नाय द्यायचा. मी तुला फोन केला. म्हटलं, चार माणसं या. आमच्या पोरांना नोकऱ्या सांगितल्यात, ती हात वर करतील, मी एकटी पडेन. आठवतं?

नूतन : त्या दिवशी कोर्टाची तारीख होती.

रूपी : हो. तसंच म्हणालीस तू.

बकुळा : हे मला नाही सांगितलंस, नूतन.

नूतन : काय काय सांगू, आई? कोर्ट झालं की कलेक्टर, कलेक्टर झाला की पोलीस स्टेशन. घरी यावं तर पोरगी तापानं फणफणलेली. एक माणूस किती ठिकाणी पुरणार?

रूपी : मी भांडाय नाय आली, बाय. बोंबीलही नको मला.

बकुळा : मग एवढी तंगडतोड कशासाठी केलीस?

रूपी : तू ओहोटीला कालवं काढाय जातेस ना? भरावाच्या कडेनं?

बकुळा : जाते. कालवं कमी, चिखलच जास्त. का गो?

रूपी : आमचा वाघोबा गेला.

बकुळा : गेला म्हणजे?

रूपी : डोंगराच्या पायथ्याला बसायचा, पाड्याच्या वेशीवर. तू बघितलायस. त्याची जागा सोडू म्हणाले होते खाणवाले. भोवती चुना टाकून खूणही केली. मग वर सुरुंग लावला, दरड खाली आली, त्यात तो गाडला. आम्ही धावत गेलो तोवर मशीननं सगळं उचललं होतं. चुन्याची खूणही नव्हती.

बकुळा : दिपकच्या गाडीत भरला?

रूपी : माहीत नाय. त्यालाही माहीत नाय. मशीन वरून टाकते, पुढं बसलेल्याला मागचं काय दिसतं? त्याच्या असेल, दुसऱ्याच्या असेल. त्यानं त्या दिवसापासून गाडी सोडली. घरात येतो, जेवतो, पण धाकल्या त्याच्याकडं बघत नाय.

बकुळा : बापाला समजाव ना.

रूपी : काय समजावू? वाघोबाचं सगळं धाकल्याच्या घराकडं. त्याच्या आज्यानं बसवलेला देव. धाकल्या म्हणतो, तो पाड्याकडं पाठ करून बसला होता, बाहेरून येणाऱ्यावर नजर ठेवून. मागून आपलंच पोर येईल, हे त्याला काय ठाऊक?

बकुळा : अगं माझ्या बाई.

रूपी : आता वाघबारस आली. गुराखी पोरं विचारतात, आजी, नारळ कुठं फोडायचा? धाकल्या खाटेवरून उठत नाय. रोज सकाळी मलाच विचारतो, सापडला का. म्हटलं, गाड्या जिथं रिकाम्या झाल्या तिथं जावं. तिथं तू आहेस.

नूतन : भराव केवढा आहे ते माहीत आहे का तुम्हाला? मोठे दगड तळाला गेलेत. त्यातला एक दगड सापडायचा नाही. खोटी आशा कशाला लावू?

रूपी : बघितला मी येताना. आमचा डोंगर उभा होता तेव्हा एवढा लांब वाटला नाय.

बकुळा : मग गो?

रूपी : नाय सापडायचा, मलाही कळतं. पण धाकल्याला सांगता येईल ना, बकुळाबाय बघतेय म्हणून. तुझं नाव घेतलं तर तो दोन घास खाईल.

बकुळा : ओहोटी दुपारची आहे आज. आजच जाते. नूतन, पिशवी.

नूतन : आणली. त्या काठीवरचे नका घेऊ आई, ते ओले आहेत अजून. हे घ्या, कडक वाळलेले.

बकुळा : आणि समिती?

नूतन : मी बोलेन समितीशी.

रूपी : नको म्हटलं ना मी.

नूतन : धाकल्याबाबांना द्या. मी दिलेत म्हणून सांगा. नाहीतर नका सांगू. मावशी, तो दिसतो कसा?

रूपी : गुडघ्याएवढा. वर चांद-सूर्य कोरलेत, खाली वाघ. वाघाचा एक कान फुटलेला. शेंदूर होता, तो खाऱ्या पाण्यात राहिला नसेल.

बकुळा : शेंदूर काय, मी लावेन.

नूतन : आणि मिळालाच, तर तुम्हाला फोन करू? टेम्पोनं पाठवता येईल.

रूपी : पाठवून ठेवू कुठं? वेस नाय राहिली. इथंच कुठं उभा कर. भरतीचं पाणी लागणार नाय असा.

नूतन : तोंड कुठल्या बाजूला?

रूपी : समुद्राकडं. पाठ तुमच्या घरांकडं राहू दे.