दोघांत एक कोयता

बाई वाचली, हे आधीच सांगते, म्हणजे चहा गोड लागेल.

शिरूर कासारच्या दवाखान्यात मी नर्स होते. ऊसतोडीहून परतलेल्या दादारावांनी बायकोला आणलं. अंग थरथरत होतं, घामानं साडी भिजलेली. तिला उदासीची गोळी चालू होती.

डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काय दिलंत?"

"कंबर लई दुखत होती तिची. मला लिहून दिलेली दुखण्याची जोराची गोळी दिली."

"अहो, उदासीची गोळी मेंदूत सेरोटोनिन वाढवते, आणि तुमची ही गोळी दुखणं दाबताना तेच वाढवते! दोन्ही मिळून ते अति झालं, जीव गेला असता. दुसऱ्याची गोळी द्यायची असते का?"

दादाराव खाली बघत म्हणाले, "दुसऱ्याची कशी, साहेब? ऊसतोडीचा मुकादम हिशेबात नवरा-बायको मिळून एकच कोयता धरतो. आमाला वेगळं कुणी मोजलंच न्हाई."