बोट सुरू झाली तेव्हा

पूर ओसरून आठ दिवस झाले होते. कारंजाच्या मोटारस्टँडवर आसेगावच्या गाडीची वाट पाहत दोघे माझ्या मागच्या बाकावर बसले होते. एक मोटारींचा मिस्त्री लखीराम, दुसरा हेमसिंग. हेमसिंगचा धाकटा भाऊ गोविंदसिंग पुरात गेला होता.

“मिस्त्री, बोटीले झालं काय होतं?”

“चांदमल शेठची बोट दोन वर्सं गोदामात पडून होती, हेमसिंगभाऊ. बॅटरी मेली होती. मी लारीची बॅटरी आनून जोडली, तरी स्टार्टर नुसता टक्‌ करे.”

“मंग?”

“मंग प्लग खोलले, स्टार्टर खोलला. खोट निंघाली तारेत. तारेचं टोक हिरवं पडलं होतं. चाकूनं खरडलं अन्‌ इंजिन सुरू झालं.”

“किती येळाचं काम?”

“पाच मिंटाचं. पन ते मी सगळ्यात शेवटी पाह्यलं.”

“गोविंदसिंग पान्यात उतरला तवा तुमी काय करून राह्यले होते?”

“तेच खरडून राह्यलो होतो. थांब म्हनून वरडलो. बायको तिकडं छपरावर अडकलेली, तो कायले थांबते?”

“बेबीबाईले तुमच्याच बोटीनं आनलं. तो कवा निंघाला, हे तिनं पाह्यलं नाही. रोज इचारते, बोट सुरू व्हायच्या किती आधी गेला म्हनून. आज आसेगावात तुमाले इचारीन ती.”

“काय सांगू?”

“दोन घंटे.”

“खोटं बोलू?”

“तुमचंच खरं मानीन ती.”

“दोन घंटे.”

“अजून एकदा म्हना, मिस्त्री. तुमचा आवाज कापून राह्यला.”