वच्छला बटन सोडे नाई

आमच्या दोघाचं शेवटचं काम म्हणजे कोहळं उतरवणं. दुसरं काई नाई. न्हाणीच्या छपरावर वेल गेला होता, त्याले एकच कोहळं धरलं, पन बाई, असं मोठं का दोन हातात मावे नाई. मी शिडीवर, वच्छला, माही बायको, खाली पदर पसरून उभी. म्हटलं अवं पदरात काय झेलतं, डोक्यावर पडलं त कोहळ्याच्या आधी तूच फुटशीन. हासे. पन सरके नाई. शेवटी मीच पोटाशी धरून उतरलो आन पाय जमिनीले लागत नाई त हिनं कमरेचा मोबाईल काढला, म्हणे राहा तसेच उभे, पोरीले फोटो पाठवू. माह्या गुडघ्यात कळ येऊन राह्यली होती. म्हटलं काढ लवकर. तिनं मोबाईलच्या बाजूचं बटन दाबलं, आन दाबलं त दाबूनच ठेवलं. कट कट कट कट कट. मी वरडलो, अवं सोड ना वं ते बटन, फोटो काढाले सांगतला का बंदूक चालवाले! तिनं हात खाली केला, तरी बटन सोडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं पाणी मांगतलं. मी माठातून गिलास भरून आणला, तवरच गेली. एवढंच. डॉक्टर म्हणे हृदय. असन.

तुम्ही लिहून घेऊन राह्यल्या, बाई, त आता मी कोण ते सांगतो. आमचा गाव सिंदेवाहीच्या पुढं, जंगलाले लागून. धानाच्या तीन बांध्या, उन्हाळ्यात मोहफूल आन तेंदूपत्ता, याच्यातच जिंदगी गेली. मी तिसरी पास. वच्छला शाळेत गेलीच नाई. पन पत्त्याचे पुडे बांधाले बसली का तिचा हात दिसे नाई, असा चाले. माहे तीन होईपर्यंत तिचे पाच होत. मी म्हणो तू पत्ते मोजत नसशीन, त ती माह्यासमोर सोडून मोजे, आन एक पत्ता कमी निंघे नाई. मंग ते पुडं माह्याकडं फेके, म्हणे बांधा आता तुम्ही, मास्तर. अशी होती.

त्या कामानं तिच्या बोटाची कातडी पार घासून गेली, गुळगुळीत, आन वरून कडक, जशी वाळली चिंच. राशनच्या मशीनवर तिचा अंगठा कधीच उठला नाई, माह्याच अंगठ्यावर धान्य आणो. मंग पोरीनं तिचा जुना मोबाईल देल्ला. आमची करुणा अहेरीले नर्स हाय, इथून जायाले दिवस मोडते. ती म्हणे बाबा, तुमच्या गावात वाघ फिरते, माह्या जिवाले घोर लागते, रोज सांजच्याले एक फोटो पाठवत जा. मोबाईलच्या काचेवर वच्छलानं बोट फिरवलं, काई होये नाई. पुन्हा फिरवलं, नाई. जसं काई त्याच्या हिशोबानं तिथं कोणी बसलंच नाई. मी हासलो. आता वाटते, हासाचं काय होतं त्याच्यात.

पन त्या मोबाईलच्या बाजूले एक बटन होतं, खरंखुरं, उठलेलं. एकदा दाबून धरलं का फोटोची खिडकी उघडे, पुन्हा दाबलं का फोटो निंघे. काचेले हात लावाचं काम नाई. ते बटन हिले मानवलं. चिखलाच्या हातानं दाबे, पिठाच्या हातानं दाबे. तवापासून आमची कामं वाटली गेली, फोटो काढाचा तिनं, पाठवाचा मी. मले समोर उभं करे, कधी बकरीसंगं, कधी धानाच्या पेंढीसंगं. करुणा फोनवर म्हणे, आई, तुहा एक पाठव ना. त ही म्हणे, माहा कायले पाह्यजे, फोटो आला म्हणजे समज, काढणारी हाय.

एकदा मले म्हणे, अवो, आज तुम्ही दाबा, मी उभी राह्यतो. म्हटलं रोज त पाह्यतो तुले. हे मी बोललो, बाई. लिहा.

तिची एकच खोड, बटन सोडाची नाई. म्हणून एका येळी पंधरा-वीस फोटो निंघत. पयले माहे, आन मंग हात खाली घेता घेता कुडाची भिंत, जमीन, आन शेवटी तिचा सोताचा पाय. दरवेळी पाय. उजव्या पायाची करंगळी वाकडी, धानाच्या रोवण्यात बैलानं पाय देल्ला होता. घोट्यावर गोंदणाचे पाच ठिपके. मी म्हणो, फोटो काढतं का पाय काढतं? मंग कोहळ्याच्या आदल्या दिवशी मोबाईल म्हणे भरला. करुणा आली होती, म्हणे बाबा, जुने काढल्याशिवाय नवे मावत नाई. म्हटलं पायाचे सारे काढून टाक, ते कचरा हाय. करुणानं आईले इचारलं, काढू का वं? वच्छला भाकर थापून राह्यली होती, मान वर नाई केली. म्हणे काढ ना, पायाचं काय पाह्याचं.

काढले. एक नाई ठेवला.

ती गेल्यावर विहारात कार्यक्रम ठेवला, त बुद्धाच्या मूर्तीजवळ ठेवाले तिचा फोटो पाह्यजे. शेजारच्या पोरानं मोबाईल चाळला, त साऱ्यात मी. मी बकरीसंगं, मी पेंढीसंगं, मी खाटेवर. तिचं तोंड एकात नाई. शेवटी आधार कारडावरचा मोठा करून आणला, त्याच्यात ती हाय असं लोकं म्हणत, मले काई ओळखू येये नाई.

मंग एक दिवस मी सहज ते बटन धरलं. खिडकी उघडली, आन खाली कोपऱ्यात एक लहानसा गोल असते, त्याच्यात आखरी फोटो दिसते. त्याच्यात तिचा पाय होता. कोहळ्याच्या दिवशीचा. ते फोटो आम्ही पाठवलेच नव्हते, उद्या पाठवू म्हटलं होतं. बोटाच्या नखाएवढा गोल, पन वाकडी करंगळी दिसे.

तवापासून मी रोज एकदा बटन धरो, पाहो आन बंद करो. त्या गोलाले हात नाई लावला, म्हटलं बोट घसरलं आन पुसल्या गेला त? आन नवा फोटो त काढाचाच नाई. मोबाईल भरला हाय, पोरीनंच सांगतलं होतं. ढोल्यात नवं धान टाकाचं त जुनं काढाच लागते. मी बटन दाबलं, माह्या थोबाडाचा फोटो आत गेला आन तिचा पाय भायेर पडला, त मी काय करू?

पोरगी रोज फोन करे. बाबा, फोटो काऊन नाई पाठवत? म्हटलं मन नाई. बाबा, जेवले का? म्हटलं हो. बाबा, माह्यावर चिडले का? म्हटलं ठेव फोन. शेवटी सुट्टी टाकून आलीच, आन दारातच भांडली. म्हणे आई गेली, आता तुम्ही बी मले गेल्यासारखेच राहाल का? तवा सांगतलं. मान खाली घालून सांगतलं, चोरानं सांगावं तसं.

ती कपाळाले हात लावून बसली. म्हणे बाबा, असं नसते, तवाच त जागा केली होती, आता अजून हजार मावतीन. आन तिनं त्या गोलावर बोट ठेवलं, मी तिचा हात धराले गेलो, पन फोटो मोठा झाला. मंग एकेक मागं सारत पयल्यावर नेला.

पयल्या दोन-तीन फोटोत मी हासून राह्यलो, कोहळं पोटाशी धरून, दात नसलेलं तोंड उघडून. मले आठवतच नव्हतं का मी हासलो. मंग तोंड बदलते. भुवया चढते. मंग मी वरडून राह्यलो, एका फोटोत, दुसऱ्यात, पाचव्यात, गळ्याच्या शिरा फुगल्या. लिहून घ्या, असं तोंड असते माहं. एवढी वर्षं तिनं ते समोरून पाह्यलं, मी आज पाह्यलं. मंग कुड. मंग जमीन. मंग पाय.

म्हटलं सोडून द्यावं ना बटन, सांगून सांगून थकलो होतो मी. करुणा म्हणे, बाबा, आईच्या बोटाले समजतच नव्हतं. काय समजत नव्हतं? म्हणे दाबलं का नाई ते. बोटं बधिर झाली होती तिची, चुलीतला इस्तो लागला तरी मांगून कळे. त फोटो सुटू नये म्हणून धरून ठेवे. आई मले म्हणे, तुह्या बाबाले सांगू नको, दवाखान्यात नेतीन आन कामाचा दिवस मोडन.

 

दुसऱ्या दिवशी सकाळी करुणाची बस होती. कोहळं तसंच आड्याखाली टांगलं होतं, कोणी हात नव्हता लावला. आमच्यात बाईमाणूस अख्खं कोहळं फोडत नाई, पयला घाव गड्याचा. धम्म घेतला, पन वच्छला हे काई सोडे नाई, म्हणे माह्या मायनं सांगतलं हाय. मी कोहळं उतरवलं, खाली पोतं टाकलं आन विळ्यानं पयला घाव घातला. अर्धं करुणाले बांधून देल्लं, बसवर बसवली, घरी आलो.

अंगणात एकटा उभा राह्यलो. बटन धरलं, खिडकी उघडली. मंग दाबलं, आन सोडलं नाई. कट कट कट कट. समोर काई नव्हतं, न्हाणीचं छप्पर आन रिकामा वेल. हळूहळू हात खाली आणला, तसाच दाबून. गोलात माहा पाय आला, चिखलाचा. तोच पाठवला.

बसमधूनच फोन आला. म्हणे बाबा, नुसता पायच आला ना.

म्हटलं हो. समज, काढणारा हाय.