पाखरेबाबाचा फोटो

शुक्री : ह्यो फोटू बाबाच्या पत्र्याच्या डब्यात गावला, बाय. मागं तुमचा पत्ता हाय. शालंतल्या मास्तरांनी वाचला.

अबीगेल : कुठल्या बाबाच्या?

शुक्री : आमच्या पाखरेबाबाच्या. कर्नाल्याखाली आमची वाडी, तिच्यावरल्या कपारीत ऱ्हायचा. चालीस वर्सं. शीळ घातली का पाखरं खांद्यावर. बिबट्या त्याला वाट देतो, लोक बोलायचे. आज सकाली गेला.

अबीगेल : अगं... हा उजवीकडचा माझा भाऊ आहे. इझिकेल.

शुक्री : काय बोलता! डोले तर बाबाचेच हायेत. बाबा तुमचा भाऊस?

अबीगेल : ही दोन वेण्यांची मी. चौऱ्याऐंशी साली सगळे इस्राएलला निघालो होतो. त्याला जायचं नव्हतं. आदल्या दिवशी पप्पांशी भांडला आणि घरातून निघून गेला. गाढी नदीवर नुसत्या चपला सापडल्या.

शुक्री : मंग तुमी कशा नाय गेल्या?

अबीगेल : सगळे म्हणाले, बुडाला. मला पटेना. परत आला आणि दाराला कुलूप दिसलं तर? म्हणून राहिले. लग्नसुद्धा केलं नाही गं. आणि हा इथे, कर्नाळ्याला? एस.टी.नं अर्ध्या तासावर?

शुक्री : बसा, बाय.

अबीगेल : बोलायचा का काही?

शुक्री : गावाशी नाय. मुका समजायचे त्याला. मला इंचू चावला तवा पाला बांदला नि बोलला, "घाबरू नको." मी हादरलेच! मंग भाकर घेऊन गेले का बोलायचा. कोनाला सांगू नको, बोलला.

अबीगेल : घरचं? माझं?

शुक्री : ...बोलायचा, समदी इमानात बसून इस्राएलला गेली. बहीन बी. पनवेलात आता कोन नाय.

अबीगेल : कोण नाही? मी होते ना! एकदा येऊन दार तरी वाजवायचं!

शुक्री : पानी आनू?

अबीगेल : नको. कुठे ठेवलंय त्याला?

शुक्री : देवलाम्होरं. खड्डा खनून झाला, मीठ आनलंय. साधूला बसवून पुरतात ना. वरती समाधी बांदनार.

अबीगेल : बसवून? नाही, नाही. आम्हा ज्यूंच्यात झोपवून पुरतात. चल, रिक्षा बघ.

शुक्री : गाव ऐकंल का, बाय? त्यांचा देव गेलाय.

अबीगेल : समाधी बांधू देत, नाव काय हवं ते देऊ देत. मी हात जोडून सांगीन त्यांना. एवढी वर्षं कपारीत बसून काढली त्यानं. आता फक्त त्याला आडवा होऊ द्या.