सुनंदाचा माग

काय सांगू ताई तुम्हाला, मी मूळची धायरीचीच, आमच्या वेळंला नुसती शेतं, आता सोसायट्याच सोसायट्या, पण मला घरन् घर ठाऊक, म्हणून त्या सर्व्हेवाल्यांनी मला कामाला घेतलं. काम काय, तर दरसाल त्याच घरी जायचं, त्याच माणसांना तेच विचारायचं, नवराबायकोचं पटतं का, भांडल्यावर अबोला किती दिवस, दहापैकी किती सुखी. मी मॅडमना म्हणलं, अहो गेल्या साली विचारलंय की हे. तर म्हणाल्या, मावशी, लग्नानं माणूस कसा बदलत जातो ते एकदा विचारून कळत न्हाई, म्हणून माणूस घर सोडून गेलं तरी माग काढायचा. आणि माग काढण्यात माझा हात धरणारं कुणी न्हाई.

तर आमच्याच आळीतली सुनंदा. पहिल्या साली म्हणाली आठ, सासू शेजारीच बसलेली. पुढल्या साली सात. तिसऱ्या साली मी सासूला मुद्दाम चहा टाकायला आत धाडलं, तर पोरीच्या मनगटावर काळंनिळं, म्हणाली, लिहा तुमच्या मनानं. मी पाच लिहिलं, एवढंच केलं बघा मी.

चौथ्या साली ती घरात न्हाई. तिच्या मामेबहिणीकडनं काढलं शोधून, मांजरी गावात एका खोलीत राहायची, रोपवाटिकेत पिशव्या भरायची. गळ्यात पडून रडली, म्हणाली, मावशी, यांना कळू देऊ नका. आणि दहापैकी नऊ सांगितलं.

पण नवऱ्याचंही नाव यादीत, त्यालाही विचारायला जावंच लागतं. बसा मावशी म्हणाला, पाणी दिलं, आणि हळूच, तिचं झालं का हो विचारून? मला मेलीला कामाची घमेंड, म्हणलं, झालं की, मांजरीच्या रोपवाटिकेपतूर हेलपाटा घातला तुझ्या बायकोपायी. बोलले आणि जीभ चावली. तो म्हणाला, माझे दहा लिहा.

बाहेर येऊन फोनावर फोन केले, तिनं उचलला न्हाई. दुसऱ्या दिवशी मांजरीला पळाले, तर घरमालकीण म्हणाली, काल सांजच्याला तिचा नवरा आला होता, केस धरून ओढली, लोकांनी सोडवली, तशीच बोचकं घेऊन गेली, आणि जाताना म्हणाली, त्या सर्व्हेवाल्या मावशीला काही सांगू नका.

यंदा परत यादीत तिचं नाव हाय. मामेबहिणीकडं एक चहा प्याले तर पत्ता मिळंल, मला ठाऊक हाय. मी जात न्हाई. सापडली नाही, असं लिहून दिलं, मॅडम हळहळल्या, एवढ्या वर्षांची माहिती तुटली म्हणाल्या. तुटू दे. बाई सुनंदे, असशील तिथं तुझं ते नऊ तसंच राहू दे, फक्त मला सापडू नकोस.